चोळपुरम्‌ची सहल

प्रस्तावना

सहलीला जाणे आपणां सर्वांनाच आवडते. पूर्वी आपल्याकडील लोक पायी किंवा बैलगाडीने तीर्थयात्रेला जात. निघताना गावाचा निरोप घेत आणि सुखरूप परत आल्यावर मावंदे घालीत. आगगाडी आली आणि प्रवासाची रीत बदलली. इंग्लंडमध्ये टॉमस कुक यांनी १८४१ साली आगगाडीने आपली पहिली सामुदायिक सहल काढली. पुढे १८४६ साली त्यांनी पर्यटकांना स्कॉटलंडला नेले. अनेकांनी मिळून, ठरलेल्या खर्चात आणि माहीतगार माणसाच्या सोबतीने डोंगर, सरोवरे व जुने किल्ले पाहायला जावे, ही पद्धत अशा सहलींतून रूढ झाली. आज महाराष्ट्रातूनही दरवर्षी अनेक कुटुंबे बसने दक्षिण भारताच्या सहलीला जातात.

अशा सहलीत सोय पुष्कळ असते. राहण्याची, जेवणाची, वाट शोधण्याची काळजी नसते. मात्र वेळेचे बंधनही असते. चार दिवसांत दहा ठिकाणे 'पाहून होतात'. ती समजतात का, हा वेगळा प्रश्न आहे. प्रस्तुत पाठात तमिळनाडूतील कुंभकोणम् येथून निघालेल्या अशाच एका सहलीची कथा सांगितली आहे. कथेतील प्रवासी काल्पनिक आहेत. स्थळे व इतिहास मात्र खरा आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील.

• चोळ राजांच्या मंदिरांची माहिती सांगणे.
• तंजावर परिसराशी मराठी भाषेचा असलेला संबंध स्पष्ट करणे.
• एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू लक्षात घेऊन आपले मत मांडणे.
• ऐतिहासिक वारसा जपण्याचे महत्त्व समजावून सांगणे.
• आपण केलेल्या प्रवासाचे वर्णन लिहिणे.

मूळ पाठ

१. भिंतीवरची अक्षरे

महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील चाळीस प्रवासी बसने तमिळनाडूत आले होते. मुक्काम कुंभकोणम् येथे होता. सोबतचा मार्गदर्शक तिथलाच राहणारा होता. त्याचे मराठी स्वच्छ होते, पण बोलण्याचे वळण थोडे जुने वाटे. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी, म्हणजे १६७५-७६ च्या सुमारास, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तंजावरला आपली सत्ता स्थापन केली. त्या काळात आणि त्यानंतर अनेक मराठी कुटुंबे कावेरीच्या काठी येऊन स्थायिक झाली. मार्गदर्शकाचे घराणे त्यांपैकीच एक होते. तो शाळेत तमिळमधून शिकला. घरात मात्र मराठीच बोलली जात होती.

पहिल्या दिवशी मंडळींनी तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पाहिले. चोळ राजा पहिला राजराज याने बांधलेले हे मंदिर १०१० साली पूर्ण झाले. त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे उंच शिखर, सुमारे ६० मीटर उंच आहे. "या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असे म्हणतात, ते खरे का हो?" एका तरुणाने विचारले. परभणीकडचे एक शेतकरी काका शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त अंगणाकडे बोट दाखवले. उतरत्या उन्हात शिखराची लांबलचक सावली फरसबंदीवर स्वच्छ पडली होती. मार्गदर्शक हसला. "ऐकीव गोष्टी पुष्कळ असतात," तो म्हणाला, "डोळ्यांनी पाहावे, मग मानावे."

मंदिराच्या आवारातील एका भिंतीपाशी त्याने सर्वांना थांबवले. त्या भिंतीवर देवनागरी अक्षरांत भला मोठा मजकूर कोरलेला होता. दुसरे सरफोजी राजे यांनी १८०३ साली आपल्या भोसले घराण्याचा इतिहास मराठीत लिहवून येथे कोरवून घेतला आहे.

सांगली जिल्ह्यातील एक मावशी पुढे झाल्या. त्यांची शाळा लहानपणीच सुटली होती. वयाची चाळिशी उलटल्यावर गावच्या साक्षरता वर्गात त्या वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी भिंतीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावायला सुरुवात केली.

"मावशी, बोट दगडाला लावू नका," मार्गदर्शक हळूच म्हणाला. "रोज शेकडो हात लागले, तर अक्षरे झिजतील."

मावशींनी हात झटकन मागे घेतला आणि मग हवेतच बोट फिरवीत त्या वाचू लागल्या. सगळे शब्द कळत नव्हते. पण अक्षर ओळखीचे होते. घरापासून इतक्या दूर, तमिळ मुलखातल्या देवळात आपली अक्षरे दगडावर भेटतील असे त्यांना वाटले नव्हते. बस सुटायची वेळ झाली, तेव्हा त्यांना हाक मारून आणावे लागले.

पाठगत प्रश्न १

(अ) तंजावरच्या मंदिराविषयीची ऐकीव गोष्ट खोटी असल्याचे कसे कळले?
(आ) मार्गदर्शकाने मावशींना बोट लावू नका असे का सांगितले?

२. वाटेवरचे धरण

दुसऱ्या दिवशी सकाळी पितळी भांड्यातली वाफाळती कॉफी घेऊन मंडळी बसमध्ये बसली. त्या दिवशी गंगैकोंडचोळपुरम् पाहायचे होते. हे ठिकाण कुंभकोणम्‌पासून सुमारे ३५ किलोमीटरवर, अरियलूर जिल्ह्यात आहे. अर्ध्या वाटेच्या आधीच मार्गदर्शक म्हणाला, "हे चोळपुरम्." काही जण लगबगीने उठले. "बसा, बसा," तो म्हणाला, "हे नुसते चोळपुरम्, म्हणजे चोळांचे गाव. आपल्याला जायचे आहे ते गंगैकोंडचोळपुरम्. गंगा मिळवणाऱ्या चोळ राजाचे नगर!" बसमध्ये हशा पिकला.

दुतर्फा भातशेती होती. मध्येच नारळी-केळीच्या बागा लागत. तिरुप्पनंदाळ मागे पडले आणि अणैक्करै हे गाव आले. येथे कोल्लिडम् नदी ओलांडावी लागते. कावेरीच्या या शाखेवर इंग्रजी अमदानीत, १८३६ साली, एक बंधारा बांधण्यात आला. त्याला 'लोअर अणैकट' म्हणतात. अणै म्हणजे बांध. येथे अडवलेले पाणी कालव्यांनी शेतांना मिळते. वडवार कालव्यातून ते वीराणम् तलावात जाते आणि २००४ पासून त्या तलावाचे पाणी थेट चेन्नई शहराला पिण्यासाठी पुरवले जाते.

नदीकाठी बस थांबली. लोकांनी छायाचित्रे काढली. शेतकरी काका बराच वेळ कालव्याच्या पाण्याकडे पाहत उभे राहिले. "सोन्यासारखं काम आहे," ते म्हणाले.

"हा बंधारा लक्षात ठेवा," मार्गदर्शक म्हणाला. "परत येताना याच्याविषयी बोलू."

पाठगत प्रश्न २

(अ) 'गंगैकोंडचोळपुरम्' या नावाचा अर्थ सांगा.
(आ) अणैक्करै येथील बंधाऱ्याचे दोन उपयोग लिहा.

३. गंगा आणणाऱ्या राजाचे नगर

राजराजाचा पुत्र पहिला राजेंद्र याने १०१४ ते १०४४ या काळात राज्य केले. १०२२-२३ च्या सुमारास त्याच्या सैन्याने उत्तरेत गंगेपर्यंत स्वारी केली. १०२५ साली त्याच्या आरमाराने समुद्र ओलांडून आग्नेय आशियातील श्रीविजय राज्यावर चढाई केली. गंगेपर्यंतच्या विजयाची आठवण म्हणून त्याने 'गंगैकोंड' ही पदवी घेतली आणि नवी राजधानी वसवली. सुमारे अडीचशे वर्षे ती चोळांची राजधानी होती.

आता तेथे राजधानीची गजबज नाही. जवळच माळिगैमेडु येथे राजवाड्याचे उत्खनन झाले आहे. विटांच्या भिंतींचे पाये तेवढे दिसतात. मंदिर मात्र उभे आहे. त्याचे विमान सुमारे ५३ मीटर उंच आहे. तंजावरचे शिखर सरळ रेषेत निमुळते होत जाते, तर येथील शिखराच्या बाजू आत किंचित झुकलेल्या आहेत. त्यामुळे एवढा प्रचंड दगडी डोलारा डोळ्यांना हलका वाटतो. समोरचा मोठा नंदी अखंड दगडाचा नसून विटा व चुन्याने घडवलेला आहे. गाभाऱ्यातील शिवलिंग सुमारे ४ मीटर उंच आहे. येथे आजही नित्य पूजा होते. ऐप्पसी महिन्याच्या पौर्णिमेला या लिंगाला शिजवलेल्या भाताचा अभिषेक होतो, तेव्हा दर्शनासाठी मोठी गर्दी लोटते.

उत्तरेकडील दाराजवळच्या एका शिल्पापुढे मंडळी थबकली. शिव आणि पार्वती बसले आहेत. पायाशी चंडेश नावाचा भक्त हात जोडून, मान लववून बसला आहे. शिव स्वतःच्या हातांनी त्याच्या मस्तकाभोवती फुलांची माळ गुंडाळीत आहे. "पुष्कळ अभ्यासकांना यात राजेंद्राच्या राज्याभिषेकाची सूचना दिसते," मार्गदर्शक म्हणाला. "एवढ्या विजयांचा धनी, पण या शिल्पात तो मान खाली घालून बसला आहे असे ते मानतात."

राजेंद्राने नगराजवळ एक विशाल तलावही बांधला. त्याचे नाव चोळगंगम्. गंगेचे पाणी आणून या तलावात घातले गेले असे सांगतात. तिरुवालंगाडू येथील ताम्रपटात या तलावाला पाण्याचा जयस्तंभ म्हटले आहे. इतर राजे विजयाची खूण म्हणून दगडाचा खांब उभारीत. या राजाने पाण्याचा उभारला. आज हा तलाव पोन्नेरी या नावाने ओळखला जातो.

पाठगत प्रश्न ३

(अ) तंजावर व गंगैकोंडचोळपुरम् येथील शिखरांत कोणता फरक आहे?
(आ) चोळगंगम् तलावाला 'पाण्याचा जयस्तंभ' का म्हटले असावे?

४. न उरलेली भिंत

दर्शन झाले. सहलीच्या व्यवस्थापकाने घड्याळ पाहिले. "पंधरा मिनिटे उरली आहेत. दुपारी दारासुरम् करायचे आहे," त्याने आठवण दिली. लोक बसकडे निघाले. इतक्यात मावशी थांबल्या.

"काल तंजावरला देवळाभोवती केवढी भिंत होती! तिच्यावरच तर आपली अक्षरं होती. इथली भिंत कुठं गेली?"

प्रश्न साधा होता. पण तोपर्यंत तो कोणालाच पडला नव्हता. मंदिराभोवती हिरवळ होती. पूर्वेला भग्न गोपुराचे अवशेष होते. तंजावरसारखी सलग दगडी तटबंदी मात्र नव्हती.

"याचसाठी तो बंधारा लक्षात ठेवा म्हटले होते," मार्गदर्शक म्हणाला. "१८३६ मध्ये तो बांधताना पुष्कळ दगड लागला. येथे घडवलेला, तासलेला दगड आयता होता. मंदिराभोवतीची भिंत जवळजवळ सगळी पाडली आणि तिचे दगड बंधाऱ्याच्या कामाला नेले. मंदिरावरची शिल्पेही त्यांत गेली."

"गावातल्यांनी काही म्हटलं नाही?" काकांनी विचारले.

"एकोणिसाव्या शतकातल्या एका लेखात त्याची हकिकत आहे. गावकऱ्यांनी शक्य तेवढा विरोध केला. त्याबद्दल त्यांनाच शिक्षा झाली. दगडी भिंतीच्या जागी विटांची भिंत बांधून देऊ असे वचन सरकारने दिले होते. तेही पाळले गेले नाही."

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग मावशींनी विचारले, "त्या भिंतीवर काही लिहिलेलं असेल का?"

मार्गदर्शकाजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

व्यवस्थापकाने घड्याळ पुन्हा पाहिले आणि ते खिशात ठेवले. "अर्धा तास थांबू या," तो म्हणाला. मंडळी परत फिरली. जेथे भिंत नव्हती, त्या कडेने सर्वांनी मंदिराला एक फेरी घातली.

पाठगत प्रश्न ४

(अ) मावशींना भिंतीविषयीचा प्रश्न कशामुळे सुचला?
(आ) गावकऱ्यांना कोणते वचन देण्यात आले होते? त्याचे काय झाले?

५. पाणी आणि दगड

परतताना बसमध्ये चर्चा सुरू झाली. एक निवृत्त मुख्याध्यापक संतापले होते. "हा सरळसरळ विध्वंस आहे. हजार वर्षांचे काम क्षणात पाडले!"

"सर, तुमचं खरं आहे," काका म्हणाले. "पण माझंही ऐका. बहात्तरच्या दुष्काळात मी पंधरा वर्षांचा होतो. वडिलांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडली आहे. पाण्याचा तुटवडा मी पाहिला आहे. या बंधाऱ्यावर किती रानं भिजतात! पाणी अडवणाऱ्याला मी वाईट म्हणणार नाही."

"मग भिंत पाडली हे योग्य झाले म्हणता?"

"नाही," काका सावकाश म्हणाले. "दगड खाणीतूनही निघतो. मेहनत जास्त पडते, वेळ जास्त लागतो, एवढंच. आम्ही खडी फोडली, पण गावचं देऊळ नाही फोडलं."

मार्गदर्शकाने मान डोलावली. "राजेंद्राचे उदाहरण पाहा. त्याने मंदिर बांधले आणि तलावही बांधला. पाणी हवे म्हणून मंदिर नको, असे त्याला म्हणावे लागले नाही. पाणी आणि दगड यांचे वैर नव्हते. १८३६ मध्ये घाई होती, जवळचा दगड स्वस्त होता, आणि ज्यांचे मंदिर होते त्यांच्या म्हणण्याला किंमत नव्हती. भिंत गेली ती या तीन गोष्टींमुळे."

मुख्याध्यापक काही वेळ गप्प राहिले. "आज तसे होऊ नये म्हणून कायदा आहे," ते म्हणाले. "१९५८ च्या कायद्याने प्राचीन स्मारकांना संरक्षण मिळाले. १९७६ मध्ये घटनेत मूलभूत कर्तव्ये आली. आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे त्यांतले एक कर्तव्य आहे. तंजावरचे मंदिर १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि २००४ मध्ये गंगैकोंडचोळपुरम् व दारासुरम् यांचीही त्यात भर पडली."

"कायदा असला, तरी पाहणारे डोळे लागतातच," मावशी म्हणाल्या. "भिंत नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, तर कायद्याला कोण सांगणार?"

अणैक्करै आले. या वेळी कोणी सांगितले नव्हते, तरी बस नदीकाठी थांबली. सकाळी ज्यांनी छायाचित्रे काढली होती, ते आता नुसते उभे राहून पाहत होते. बंधारा तोच होता. कालव्याचे पाणी शेतांकडे वाहतच होते. काकांनी ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावले. ते पाण्याला केलेले वंदन होते की त्या दगडांना, हे त्यांनाही सांगता आले नसते.

दारासुरम्‌ला पोहोचायला उशीर झाला. दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेले हे मंदिर आकाराने लहान आहे. त्याचे शिखर सुमारे २४ मीटर उंच आहे. पुढच्या मंडपाला दगडी चाके आहेत, त्यामुळे तो रथासारखा दिसतो. भिंतींवर शिवभक्तांच्या जीवनातील प्रसंग कोरले आहेत. वेळ थोडा होता. तरीही कोणी धावपळ केली नाही. सगळे न पाहता त्यांनी चार-पाच शिल्पेच पाहिली, पण नीट पाहिली. मावशी एका कोरीव चाकाजवळ वाकल्या. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते.

शब्दार्थ

मावंदे – तीर्थयात्रेहून परत आल्यावर घातलेले भोजन
विमान – (येथे) दक्षिण भारतीय मंदिराच्या गाभाऱ्यावरील शिखर
गोपुर – मंदिराच्या आवाराचे उंच प्रवेशद्वार
ताम्रपट – तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख
जयस्तंभ – विजयाची खूण म्हणून उभारलेला खांब
उत्खनन – जमिनीखालील अवशेष शोधण्यासाठी केलेले खोदकाम
विध्वंस – नासधूस
संमिश्र – अनेकांच्या मिळण्याने बनलेली

तुम्ही काय शिकलात?

• तंजावर, गंगैकोंडचोळपुरम् व दारासुरम् येथील चोळ मंदिरे जागतिक वारसा म्हणून ओळखली जातात.
• तंजावर परिसरात मराठी भाषेचा जुना वारसा आहे आणि तेथील मंदिराच्या भिंतीवर मराठी लेख आहे.
• गंगैकोंडचोळपुरम् येथील मंदिराच्या भिंतीचे दगड १८३६ मध्ये बंधाऱ्यासाठी नेण्यात आले.
• लोकांच्या गरजा भागवणे आणि वारसा जपणे या दोन्ही गोष्टी, विचारपूर्वक केल्यास, एकत्र साधता येतात.

स्वाध्याय

१. 'पाणी आणि दगड यांचे वैर नव्हते' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. बंधाऱ्याविषयी काका व मुख्याध्यापक यांची मते कोणती? तुम्हांला कोणाचे मत पटते? कारणे द्या.
३. पाठाच्या शेवटी मावशींचे हात पाठीमागे बांधलेले होते. असे का, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : हशा पिकणे, ध्यानात येणे, वचन पाळणे, मान लववणे.
५. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा : निमुळता, विशाल, भग्न, स्वस्त.
६. उपक्रम : तुमच्या गावातील जुनी विहीर, बारव, वेस, वाडा किंवा देऊळ यांपैकी एका वास्तूला भेट द्या. तेथे आज काय आहे आणि पूर्वी असलेले काय नाही, याविषयी गावातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा. मिळालेली माहिती दहा ते पंधरा ओळींत लिहा.